हायपो आणि ॲसिडचा प्रयोग : ऑर्डर ०.६४ येतेय, चूक संहतीत की वेळेत?

फुली_दिसेना

बारावीचं प्रॅक्टिकल आहे, सोडियम थायोसल्फेट (हायपो) आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं. फ्लास्कखाली कागदावर फुली काढायची, ॲसिड ओतताच स्टॉपवॉच सुरू करायचं आणि गंधकाने द्रावण गढूळ होऊन फुली दिसेनाशी झाली की थांबवायचं.

हायपो : ३.९५ ग्रॅम घेऊन २५० मिलीच्या स्टॅन्डर्ड फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी. मोलर मास (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) १५८ धरलं, म्हणजे ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल).

ॲसिड : बाटलीवर ३५ टक्के आहे. १०० मिलीत ३५ ग्रॅम, म्हणजे लिटरला ३५० ग्रॅम, भागिले ३६.४६, म्हणून ९.६ मोलर. त्यातून २६ मिली घेऊन २५० मिली केलं, म्हणजे १ मोलर.

प्रत्येक वेळी हायपो आणि पाणी मिळून ५० मिली, त्यात १० मिली ॲसिड. तापमान २८ अंश. रीडिंग :

हायपो ५० मिली, पाणी ० : ३० सेकंद
४० आणि १० : ३८ सेकंद
३० आणि २० : ५० सेकंद
२० आणि ३० : ७६ सेकंद
१० आणि ४० : ८४ सेकंद

१/वेळ हा रेट (अभिक्रियेचा वेग) धरून पहिल्या आणि शेवटच्या रीडिंगवरून ऑर्डर (संहती, म्हणजे द्रावणातलं हायपोचं प्रमाण, बदललं की रेट त्याच्या कितव्या घाताने बदलतो तो आकडा) काढली : लॉग (८४/३०) भागिले लॉग (५०/१०), म्हणजे ०.४४७ भागिले ०.६९९, उत्तर ०.६४. पुस्तकात १ यायला हवी म्हणतात.

आणखी दोन शंका. पहिल्या रीडिंगची संहती ०.१ धरायची की ॲसिड मिळाल्यावरची? आणि १/वेळ याला रेट कसं म्हणायचं? रेटचं एकक तर मोल प्रति लिटर प्रति सेकंद असतं ना?

---

मोलमोजणी

आधी द्रावणांचं बघू, वेळेचं नंतर. दोन्ही द्रावणं चुकली आहेत. पण तुझी ऑर्डर या चुकांमुळे बिघडलेली नाही.

हायपोच्या बाटलीचं लेबल नीट वाच. प्रयोगशाळेत मिळतात ते पारदर्शक मोठे खडे म्हणजे पाच पाण्याचे रेणू असलेलं हायपो, मोलर मास २४८.२. १५८.१ हे निर्जल पावडरीचं. ०.१ मोलर, २५० मिलीसाठी लागतात ०.१ × ०.२५० × २४८.२ = ६.२ ग्रॅम. तू खड्यांचे ३.९५ ग्रॅम घेतले असशील, तर ३.९५ भागिले २४८.२ म्हणजे ०.०१५९ मोल, आणि २५० मिलीत ते झाले ०.०६३७ मोलर. तुझं "०.१" मुळात ०.०६४ होतं.

ॲसिडमध्ये घनता राहिली. बाटलीवरचे ३५ टक्के हे वजनाला वजन असतात : १०० ग्रॅम द्रावणात ३५ ग्रॅम. १०० मिलीत नव्हे. त्याच लेबलवर घनता छापलेली असते, साधारण १.१८ ग्रॅम प्रति मिली. एक लिटर म्हणजे ११८० ग्रॅम, त्याचे ३५ टक्के ४१३ ग्रॅम, भागिले ३६.४६, उत्तर ११.३ मोलर. २५० मिली १ मोलर करायला २२ मिली पुरतात. तू २६ घेतलेस, म्हणून तुझं ॲसिड १.१८ मोलर आहे. (उत्तरात घनतेचाच आकडा दिसतोय बघ. गाळलेला गुणक असाच परत समोर येतो.) पुढच्या वेळी आधी फ्लास्कमध्ये शंभरेक मिली पाणी, मग त्यात ॲसिड, गार झाल्यावर खुणेपर्यंत पाणी. गरम असताना खूण गाठलीस तर गार झाल्यावर पातळी खाली जाते.

आता ५० की ६०. अभिक्रिया होते ती ६० मिलीत, म्हणून संहती ६० वरून काढायची. तुझ्या खऱ्या स्टॉकला (मूळ द्रावणाला) धरून पहिलं रीडिंग ०.०६३७ × ५०/६० = ०.०५३१ मोलर. पुढची ०.०४२५, ०.०३१८, ०.०२१२ आणि ०.०१०६.

पण ऑर्डर काढताना आपण गुणोत्तर घेतो. २४८ च्या जागी १५८, ६० च्या जागी ५० : या चुकांनी पाचही संहती एकाच पटीत बदलतात आणि गुणोत्तरात ती पट उडून जाते. ५०/१० हे पाचच राहतं. सगळीकडे सारख्या पटीत असलेली चूक ऑर्डरला शिवत नाही, रेट कॉन्स्टंटला (रेटच्या सूत्रात संहतीला गुणणारा स्थिर आकडा) मात्र बदलते. तेव्हा ०.६४ चं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

---

काचसामान

वेळेकडे बघ. आकडेमोडीआधी एक साधी तपासणी करायची : हायपोचे मिली गुणिले सेकंद. ऑर्डर १ असेल तर गुणाकार जवळपास तोच राहतो.

५० × ३० = १५००
४० × ३८ = १५२०
३० × ५० = १५००
२० × ७६ = १५२०
१० × ८४ = ८४०

चार रीडिंग एका ओळीत आहेत, पाचवं एकटं फुटलंय. पहिल्या आणि चौथ्यावरून ऑर्डर काढलीस तर लॉग (७६/३०) भागिले लॉग (५०/२०), म्हणजे ०.४०४ भागिले ०.३९८, उत्तर १.०१. दोनच टोकांवरून ऑर्डर काढू नये ती यासाठी. त्यातलं एक टोक नेमकं बिघडलेलं निघालं की सगळं उत्तर त्याच्या मागे जातं.

पाचवं रीडिंग १५० च्या आसपास हवं होतं, ते जवळजवळ निम्मं आलंय. एवढी मोठी चूक डोळ्यांच्या अंदाजाची नसते. मी तीन गोष्टी विचारतो :

फ्लास्क आधीच्या रीडिंगचाच वापरला का, आणि गंधक ब्रशने घासून काढलं होतं का? काचेला चिकटलेल्या पांढुरक्या थराने फुली आधीपासूनच अंधूक दिसते.

पाचव्या रीडिंगच्या वेळी द्रावण कोमट होतं का?

पाचही फ्लास्क एकाच मापाचे होते का?

---

फुली_दिसेना

फ्लास्क धुतलेले होते, प्रत्येक रीडिंगला वेगळा. तापमान तेच. माप मात्र... चार फ्लास्क २५० मिलीचे होते, पाचवा मिळाला नाही म्हणून १०० चा घेतला. द्रावण ६० मिलीच होतं, मावलं. त्याने फरक पडतो?

---

काचसामान

तिथेच तर सगळा फरक पडलाय.

फुली झाकते ती तुझी नजर आणि कागद यांच्या मधल्या सगळ्या गंधकामुळे. नुसत्या गंधकाच्या संहतीवर ते ठरत नाही, संहती गुणिले खोली यावर ठरतं. अरुंद फ्लास्कमध्ये तेच ६० मिली उंच उभं राहतं, नजरेला जास्त गढूळ थर पार करावा लागतो, म्हणून कमी गंधकातच फुली दिसेनाशी होते. घड्याळ लवकर थांबतं, आणि अभिक्रिया मात्र तितक्याच वेगाने चाललेली असते.

दोन्ही फ्लास्कचे तळ पट्टीने मोज.

---

फुली_दिसेना

२५० चा तळ ८.१ सेंमी, १०० चा ६.० सेंमी.

---

काचसामान

तळाच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर (८.१/६.०) चा वर्ग, म्हणजे १.८२. म्हणजे मोठ्या फ्लास्कमध्ये हे रीडिंग ८४ × १.८२ = १५३ च्या आसपास आलं असतं. फ्लास्क वर निमुळता होत जातो, त्यामुळे लहान फ्लास्कमध्ये खोली या हिशेबापेक्षाही थोडी जास्त भरते, म्हणजे दोन-चार सेकंद आणखी वर धर. २५० च्या फ्लास्कमध्ये परत घे आणि आकडा इथे टाक.

परत घेताना : फुली काळ्या पेनने, एकाच जाडीची, तोच कागद. नजर सरळ वरून, फ्लास्कच्या तोंडापासून ठरावीक उंचीवर. पाचही रीडिंग एकाच माणसाने बघायची. एकाने ॲसिड ओतायचं आणि दुसऱ्याने घड्याळ दाबायचं असं केलंत तर अर्धा-एक सेकंद इकडेतिकडे होतोच. ७६ सेकंदांत तो खपून जातो, ३० मध्ये जाणवतो. ॲसिड सिलिंडरने एकदम ओत, थेंब थेंब नको, आणि ओतल्यावर फ्लास्क दोनदाच फिरव. घड्याळ सुरू करायचं ते ॲसिड पडायला लागताच, ओतून झाल्यावर नाही.

---

अर्धायुष्य

१/वेळ बद्दल कोणी बोललं नाही, ते सांगतो.

रेट म्हणजे संहतीतला बदल भागिले वेळ. फुली झाकायला प्रत्येक वेळी जवळपास तेवढंच गंधक लागतं, त्याची संहती ग धरू. मग सरासरी रेट = ग/वेळ. ग सगळीकडे सारखा, म्हणून रेट १/वेळच्या प्रमाणात. १/वेळ हा रेट नव्हे, रेटच्या प्रमाणात असलेला आकडा आहे, एकक प्रति सेकंद. ऑर्डरसाठी एवढं पुरतं, कारण गुणोत्तरात ग उडून जातो. वर मोलमोजणी यांनी सांगितलेलीच गंमत. फ्लास्क बदलला की ग बदलतो, आणि मग तो उडत नाही. तुझं पाचवं रीडिंग फसलं ते इथे.

म्हणून जर्नलमध्ये "रेट" असा मथळा देऊन खाली १/वेळ लिहू नकोस. "१/वेळ, प्रति सेकंद" असंच लिही. आलेखाच्या चढावरून रेट कॉन्स्टंट काढायचा मोह होतो. पहिल्या रीडिंगवरून १/(३० × ०.०५३१) = ०.६३ येईल, पण एकक लिटर प्रति मोल प्रति सेकंद असं पडेल, आणि पहिल्या ऑर्डरच्या कॉन्स्टंटचं एकक तर नुसतं प्रति सेकंद असतं. खरा कॉन्स्टंट म्हणजे हा आकडा गुणिले ग, आणि ग आपण मोजलेला नाही. कॉन्स्टंट हवाच असेल तर "सापेक्ष" असा शब्द लाव.

आता एक बारीक गोष्ट. ग/वेळ हा सरासरी रेट आहे, आणि आपण तो सुरुवातीच्या संहतीशी जोडतो. फुली जाईपर्यंत हायपोचा अगदी थोडा भाग संपला असेल तरच हे चालतं. ५० मिलीच्या रीडिंगमध्ये समज २ टक्के हायपो संपलं. १० मिलीच्या रीडिंगमध्ये तेवढंच गंधक पाचपट कमी हायपोतून यायचं आहे, म्हणजे १० टक्के संपणार. तोवर रेटही उतरलेला असतो. पहिल्या ऑर्डरचं पूर्ण सूत्र लावलं (वेळ, लॉग (१ – संपलेला भाग) याच्या प्रमाणात) तर दोन वेळांचं गुणोत्तर ५ ऐवजी ५.२ येतं. म्हणजे १५० नव्हे, १५६. पहिल्या रीडिंगमध्ये १० टक्के संपत असतील तर शेवटच्यात निम्मं हायपो संपेल आणि गुणोत्तर ६.६ होईल, म्हणजे जवळजवळ २०० सेकंद. शेवटचं रीडिंग थोडं लांबलं तर घाबरू नकोस, ते लांबायलाच हवं. आखूड आलं तर शोध घे.

---

फुली_दिसेना

आज २५० च्या फ्लास्कमध्ये परत घेतलं, कालचीच द्रावणं, २८ अंश. १५७ सेकंद.

ऑर्डर : लॉग (१५७/३०) भागिले लॉग ५, म्हणजे ०.७१९ भागिले ०.६९९, उत्तर १.०३.

याच प्रयोगाचा दुसरा भाग ॲसिडचा आहे. हायपो ५० मिली कायम ठेवलं आणि ॲसिड ५, १०, १५ मिली घातलं, पाणी काही नाही. वेळ ३१, ३०, ३० आली. म्हणजे ॲसिडची ऑर्डर शून्य लिहू ना?

---

मोलमोजणी

१५७ छान. वरचा १५६ चा हिशेब २ टक्के धरून होता, म्हणून तुझ्याकडे २ टक्केच संपले असं मात्र म्हणू नकोस. एका सेकंदाच्या फरकावरून टक्का ठरवणं धाडसाचं आहे.

दुसऱ्या भागाची मांडणी चुकली आहे. एकूण आकारमान ५५, ६० आणि ६५ मिली झालं. ॲसिड बदलताना हायपोची संहतीही बदलली : ०.०५७९, ०.०५३१, ०.०४९. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडला. शिवाय ५ मिलीत १.१८ मोलर ॲसिडचे ५.९ मिलिमोल येतात, तर तुझ्या ५० मिली हायपोला (३.१८ मिलिमोल) पूर्ण अभिक्रियेसाठी दुप्पट, ६.४ मिलिमोल ॲसिड लागतं. तिथे ॲसिडच कमी पडतंय. फुली जाईपर्यंत थोडाच भाग संपतो म्हणून ते दिसलं नाही, इतकंच.

मांडणी अशी कर : हायपो ३० मिली कायम. ॲसिड १० आणि पाणी २०, मग ॲसिड २० आणि पाणी १०, मग ॲसिड ३० आणि पाणी ०. एकूण नेहमी ६०.

---

अर्धायुष्य

मोलमोजणी, मांडणी चूक आहे हे मान्य, पण त्याच्या वेळा हलल्या का नाहीत ते बघण्यासारखं आहे. हायपोची संहती १५ टक्क्यांनी उतरली तरी ३१, ३०, ३० कसं?

द्रावण पातळ केलं की दोन गोष्टी होतात. पहिल्या ऑर्डरमध्ये दर लिटरमागे गंधक त्याच प्रमाणात हळू बनतं, पण द्रावणाची खोली त्याच प्रमाणात वाढते. सरळ भिंतीच्या बीकरमध्ये नजरेच्या वाटेत येणारं गंधक ठरतं ते एकूण मोल भागिले तळाचं क्षेत्रफळ यावर. पाणी किती घातलं याला तिथे जागाच नाही. निमुळत्या फ्लास्कमध्ये हे तंतोतंत जुळत नाही, पण बरंच जुळतं. म्हणजे उत्तर बरोबर दिसलं ते दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या म्हणून. आणि हे जुळतं ते ऑर्डर १ असली तरच, जी आपण सिद्ध करायला निघालो आहोत.

"ॲसिडची ऑर्डर शून्य" असं ठाम लिहू नये. "या संहतीच्या टप्प्यात ॲसिड वाढवून वेळेत मोजण्याजोगा फरक पडला नाही" असं लिहावं. ॲसिड खूपच कमी केलं तर फरक दिसायला लागतो.

---

काचसामान

पुढच्या वेळी ६.२ ग्रॅमचं खरं ०.१ मोलर केलंस तर संहती १.५७ पट होईल आणि पहिलं रीडिंग १९ सेकंदांवर येईल. तिथे एक सेकंदाची चूक म्हणजे ५ टक्के. बाईंनी ०.१ च हवं म्हटलं तर तसं कर, नाहीतर ०.०६ मोजायला जास्त सोयीचं आहे. वजन ३.७ ग्रॅम घे आणि लेबलवर ०.०६ लिही.

हायपोचं द्रावण उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये कर. पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडने ते हळूहळू आम्लधर्मी होऊन आपोआप गढुळतं. दोन-तीन दिवस ठेवायचं असेल तर २५० मिलीला चिमूटभर सोडियम कार्बोनेट. मूठभर नको, ते तुझं ॲसिड खाईल.

तापमान प्रत्येक रीडिंगला लिही. दहा अंशांना रेट दुप्पट होतो असं धरलं तर दोन अंशांच्या फरकाने १५ टक्के बदलतो. सकाळी तीन रीडिंग आणि दुपारी दोन, असं केलंस तर ऑर्डर उगाच हलेल.

आणि मोजून झालं की फ्लास्क तसाच ठेवू नकोस. सल्फर डायऑक्साइड निघत राहतो, नाकाला आणि घशाला झोंबतो, दम्याच्या माणसाला तर फारच. खिडक्या उघड्या ठेव, वाकून वास घेऊ नकोस. धुण्याच्या सोड्याचं पाणी भरलेली बादली शेजारी ठेव आणि रीडिंग झाल्याबरोबर त्यात ओत. फेस येतो, हळू ओत. फ्लास्क लगेच ब्रशने घास, वाळलेलं गंधक सहज निघत नाही.

---

मोलमोजणी

दहा अंशांना दुप्पट हा अंदाज आहे, नियम नव्हे. ३०० वरून ३१० केल्व्हिनला नेमकं दुप्पट व्हायला सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया व्हायला रेणूंना लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ५३.६ किलोजूल प्रति मोल असावी लागते : ८.३१४ × ०.६९३ भागिले (१/३०० – १/३१०). ऊर्जा जास्त असेल तर दुपटीहून जास्त, कमी असेल तर कमी. अर्‍हेनियसने १८८९ मध्ये रेट आणि तापमान जोडणारं हे सूत्र वापरलं. तापमानाचा भाग पुढच्या प्रॅक्टिकलला असेलच, तेव्हा केल्व्हिन विसरू नका. २८ आणि ३८ असे अंश तसेच घालून भलतीच उत्तरं काढणारे दरवर्षी भेटतात.

दहावीपर्यंत ज्याला संहती म्हणत होतात तेच अकरावीत कॉन्सन्ट्रेशन होतं, आणि कोटी म्हणजे ऑर्डर. व्हायवात (तोंडी परीक्षेत) कुठलाही शब्द चालतो, एकक मात्र सांगता आलं पाहिजे.

---

फुली_दिसेना

जर्नलमध्ये ८४ आधीच पेनने लिहिलंय. व्हाइटनर लावून १५७ करू का?

---

काचसामान

व्हाइटनर नको. ८४ वर एकच आडवी रेघ मार, आकडा वाचता येऊ दे. शेजारी "१०० मिलीचा फ्लास्क, तळ ६.० सेंमी" असं लिही आणि खाली १५७ ची नवी ओळ. व्हायवात तुला त्याच ओळीवर विचारतील.